बोललीस आणि निघालीस?

चि. सोनू,

बेंगळुरूच्या परिषदेची हकिकत तुझ्या आत्याला कळली ती नाशिकच्या वहिनींच्या भाच्याकडून. तो त्याच सभागृहात होता. संस्थाबांधणी आणि शाश्वत विकास यांवर तू फर्डं बोललीस, टाळ्याही पडल्या म्हणे. मग त्यानं सहज सांगून टाकलं की ताई बोलल्या आणि थेट टॅक्सीत बसल्या. तुझ्यामागून बीडकडच्या बचत गटाच्या बाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती.

एवढी कसली घाई गं?

ज्या विषयाचं तू खातेस, तो जन्मला कसा ते आठव. १९४६ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, न्यू ब्रिटनला, कर्ट लेविन यांनी एक कार्यशाळा घेतली. वांशिक तेढ कमी करायला धडपडणारी माणसं तिथे जमली होती. दिवसभर गटचर्चा चालत. संध्याकाळी लेविन आणि निरीक्षक दिवसभराच्या नोंदी घेऊन वेगळे बसत. काही सहभागींनी विचारलं, आम्हीही बसू का? लेविननी बसू दिलं. निरीक्षकानं एका बाईंच्या वागण्याचा अर्थ लावला, तर त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, छे, असं नव्हतंच. वाद रंगला, आणि पुढच्या संध्याकाळी आणखी माणसं आली. १९४७ च्या फेब्रुवारीत लेविन गेले. पण त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेलला सहकाऱ्यांनी तोच धागा पुढे नेला. संस्थाविकासाचं अर्धंअधिक शास्त्र त्या संध्याकाळच्या वादांतून निघालंय. त्या बाई चर्चा आटोपून खोलीवर गेल्या असत्या तर?

परिषदा भरवणाऱ्या हॅरिसन ओवेन यांचंही तेच. वर्षभर खपून त्यांनी १९८३ साली परिषद भरवली, आणि लोकांना सगळ्यांत आवडलं काय, तर चहाची सुट्टी! १९८५ ला माँटेरीत त्यांनी वक्त्यांची यादीच काढून टाकली. माणसं गोलात बसली, आपापले विषय भिंतीवर लावले आणि कामाला लागली. तू नेमकी ती चहाची वेळ टॅक्सीला दिलीस.

तुझ्या स्लाइडवर हिवरे बाजार होतं म्हणे. तिथे ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पाऊस किती झाला ते बघून पिकं ठरतात. पाऊस कमी पडला की उन्हाळी पिकाला नाही म्हणावं लागतं, तेही शेजाऱ्याच्या तोंडावर. ती सभा कशी निभते हे फोटोतून कळत नाही. बीडच्या बाईंनी कदाचित असंच काही सांगितलं असतं.

तुझी आत्या कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये नवी होती, तेव्हा मुंबईच्या एका परिषदेत जेवणाच्या रांगेत साखर कारखान्यातला एक फोरमन भेटला. पाळी बदलताना फिटरांची रोज भांडणं व्हायची, ती आपण कशी मिटवली ते तो सांगत होता. जाणारी पाळी आणि येणारी पाळी एकत्र चहा घेते, इथपर्यंत आला, आणि आत्यानं ताट ठेवलं. डेक्कन क्वीन चुकली असती ना! चहावर नेमकं काय बोलायचं ठरलं होतं, ते आजतागायत कळलेलं नाही. पुढे पिंपरीत पाळ्यांची भांडणं सोडवताना तो माणूस किती आठवला म्हणून सांगू.

जाऊ दे. स्वस्तातलं विमान ऑफिसच काढतं, दुसऱ्या दिवशी हजेरी असते, हे का आत्याला कळत नाही? दापोलीला आजोबांच्या भुताच्या गोष्टी झोप आली तरी डोळे ताणून ऐकणारी पोर तू. वहिनींच्या भाच्यानं सांगितलेली ती बाई वेगळीच कोणी असावी, असं वाटून आत्याला रात्री डोळा लागला नाही, एवढंच.

बीडच्या बाईंचा नंबर त्या भाच्याकडे आहे, मागवून घे. आणि पुढच्या वेळी परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं काढ. रात्रीच्या खोलीचं भाडं ऑफिस देत नसेल तर आत्याला कळव, दादाला सांगू नकोस. आणि जेवत जा वेळेवर. फोटोत फार वाळलेली दिसलीस.

तुझी,
आत्या