जुन्या पिकअपचा दम कोठे जातो?

कापडाच्या धंद्यात गाडी ही दुकानाइतकीच महत्त्वाची असते. मालेगाव, भिवंडीहून गठ्ठे आणायचे, ते सिल्लोड, कन्नड, पैठण, वैजापूरच्या दुकानदारांना पोहोचवायचे, हे काम आपल्यापैकी बहुतेकांची जुनी डिझेल पिकअपच करते. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि कर्जाने घेतली तर नफा हप्त्यात जातो. अशी जुनी गाडी ओढेनाशी झाली की मालक तिला गॅरेजात उभी करतो, चावी मिस्त्रीच्या हाती देतो आणि ‘बघा काय आहे ते’ एवढेच सांगतो. आम्हीही हेच केले होते.

2019 च्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. रमजान पंधरा दिवसांवर आला होता. मालेगावहून लुंगी व साड्यांचे गठ्ठे भरून आमची गाडी चाळीसगावमार्गे येत होती. कन्नडच्या औट्रम घाटात अर्ध्या चढावर तिचा दम गेला. ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी गाडी दुसऱ्या गियरमध्येही ओढेना. पंधरा मिनिटे बाजूला उभी केली, तर पुन्हा चालू लागली आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तेच. कसेबसे शहरात पोहोचलो. ज्या गॅरेजात गाडी दिली त्यांनी पंप आणि चारही नोझल काढून दुरुस्तीला पाठविले. चौदा हजार रुपये गेले व सहा दिवस गेले. पुढच्या खेपेस त्याच घाटात, जवळपास त्याच वळणावर, गाडी पुन्हा थांबली. माल उशिरा पोहोचला आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांनी तोवर दुसरीकडून खरेदी केली होती. ईदचा हंगाम गेला की तो माल वर्षभर कपाटात राहतो, हे कापडवाल्यांना सांगावयास नको.

शेवटी एका वयस्क उस्तादांकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी आम्हाला बसविले आणि प्रश्न विचारले. धूर कसा पडतो? उभी राहिल्यावर सुधारते का? गावात त्रास होतो की फक्त लांबच्या खेपेस? टाकीत डिझेल किती असते? आम्ही म्हणालो, धूर अजिबात नाही, उभी राहिल्यावर सुधारते, गावात काहीच त्रास नाही आणि लांबच्या खेपेस टाकी काठोकाठ भरलेली असते. ते हसले व विचारले, ‘टाकीचे झाकण केव्हा बदलले?’

झाकण हरवले होते हे खरे. आम्ही दुसऱ्याच गाडीचे झाकण आणून त्याखाली प्लास्टिकची पिशवी दाबून घट्ट बसविले होते, पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून. टाकीतून डिझेल ओढले जाते तेव्हा त्या जागी हवा आत यावी लागते. ती वाट आम्हीच बुजविली होती. टाकी भरलेली असताना वर हवेची जागा फार थोडी असते, त्यामुळे थोडे डिझेल गेले तरी आत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल मिळेनासे होते. गाडी उभी राहिली की फटीतून हळूहळू हवा शिरते व गाडी पुन्हा चालते. गावात टाकी अर्धी असायची, म्हणून तेथे काही कळत नव्हते. झाकण सैल करताच ‘सुस्स’ असा आवाज येतो की नाही, एवढीच त्याची परीक्षा. पंप आणि नोझल निर्दोष होते.

आपल्या धंद्यात छापील कापडावर डाग ठराविक अंतराने येत असेल तर आपण कापडाला दोष देत नाही, रोलर पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र दोष कोणत्या वेळी, कोणत्या स्थितीत येतो हे पाहण्यापूर्वीच आपण महागडा भाग खोलतो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, यंत्राचे पुस्तक आम्ही कधी वाचलेले नाही. पण त्या उस्तादांजवळ पुष्कळ वेळ बसून जे समजले ते येथे मांडतो. हे सर्व जुन्या गाड्यांविषयी आहे, ज्यांचा पंप केबलने चालतो व ज्याला आपले मिस्त्री अजूनही मिको पंप म्हणतात. (मिको ही बंगळूरची कंपनी 1951 साली सुरू झाली. 2008 साली तिचे नाव बॉश झाले, पण गॅरेजात जुने नावच चालते.) संगणकावर चालणाऱ्या कॉमन रेल गाड्यांना यातील सर्व लागू पडत नाही, त्यांना स्कॅनर लावावा लागतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेले डिझेल स्वतः पेटते. तेव्हा इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पुरेशी हवा, योग्य वेळी योग्य डिझेल आणि दाब, ज्याला मिस्त्री कॉम्प्रेशन म्हणतात. हवेचा दोष शोधणे सर्वात स्वस्त, डिझेलचा त्याहून महाग, आणि दाबाचा दोष म्हणजे इंजिन खोलणे. तपासणी याच क्रमाने व्हावी.

त्याआधी इंजिनाचा दोष आहे की नाही हे पाहावे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. गाडी थोडी चालवून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक फारच तापले असेल तर ब्रेक धरून बसला आहे. टायरमधील हवा कमी असणे व गठ्ठे जास्त भरणे यांविषयी काय लिहावे, ते प्रत्येकाला ठाऊक आहे. यानंतर इंजिन बंद ठेवून एकाने ऍक्सिलरेटर पूर्ण दाबावा, दुसऱ्याने बॉनेटखाली पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते पाहावे. केबल ताणून सैल झाली असेल तर पायाखाली पूर्ण दाबलेला ऍक्सिलरेटर पंपापर्यंत पाऊणच पोहोचतो. असा दोष आम्ही एका शेजाऱ्याच्या गाडीत पाहिला आहे. दहा मिनिटांत गाडी सुधारली.

आता धूर. इंजिन गरम झाल्यावर, चढावर व माल भरलेला असताना मागून दुसऱ्या माणसाने पाहावा.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण त्याला पुरेल इतकी हवा नाही. मराठवाड्याच्या धुळीत एअर फिल्टर लवकर बसतो, आणि जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतूही त्यावर चढतात. प्रथम फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. फिल्टर ठीक असेल व गाडीला टर्बो असेल, तर टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज फाटला आहे का ते बोटाने चाचपून पाहावे. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. फिल्टर काढून गाडी पळवू नये, धूळ आत गेली की रिंगा घासतात. हवा ठीक असूनही काळा धूर राहिला, तरच नोझलची शंका घ्यावी.

धूर नाही आणि दमही नाही, म्हणजे डिझेल कमी पोहोचते आहे. आमची गाडी याच प्रकारची होती. झाकण, टाकीतील जाळी, डिझेल फिल्टर, फिल्टरखाली साचलेले पाणी, फीड पंप आणि सर्व जोड हे ओळीने पाहावे. उस्तादांची एक युक्ती फार उपयोगी आहे. स्वच्छ डिझेलचा लहान कॅन बॉनेटजवळ थोडा उंच, इंजिनाच्या गरम भागांपासून दूर, पक्का बांधावा. त्यातून फिल्टरला नळी द्यावी आणि परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. आता गाडी ओढू लागली तर दोष टाकी ते फिल्टर या भागात आहे, पंपाला हात लावायचे कारण नाही. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावला तर बुडबुडे दिसतात. बुडबुडे आले की गाडी कोठून तरी एअर पकडते आहे. बहुधा दोष एखाद्या तांब्याच्या वायसरमध्ये किंवा कडक झालेल्या नळीत निघतो.

सकाळी पांढरा धूर, जो गरम झाल्यावर जातो, त्याची फार चिंता नाही. गरम इंजिनातही पांढरा धूर पडत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडू नये. पाणी कमी होत नसेल, डोळे चुरचुरत असतील व इंजिन एका पायाने लंगडत असेल, तर एका सिलिंडरमध्ये डिझेल जळत नाही. तो सिलिंडर शोधण्यासाठी मिस्त्री इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचे नट एकेक करून किंचित सैल करतात. ज्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. हे काम मिस्त्रीनेच करावे. नोझलचा फवारा कातडीच्या आत शिरतो आणि बोट कापण्याची वेळ येऊ शकते. कॉमन रेल गाडीवर तर हा प्रयोग करूच नये.

निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून धक्क्याधक्क्याने जोरात वाफ येत असेल तर रिंगा गेल्या आहेत असे समजावे. तरीही बोअर-पिस्टनचा खर्च मान्य करण्यापूर्वी दोन गोष्टी मिस्त्रीकडून करवून घ्याव्यात. एक, टॅपेट सेटिंग. व्हॉल्व्हचे अंतर फार कमी झाले तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही व दाब निसटतो. हे काम थोड्या पैशांत होते. दुसरी, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजणे व आकडे कागदावर लिहून घेणे. तीन सारखे व एक फारच कमी असेल तर दोष बहुधा त्या एका जागी आहे, सर्व इंजिन बदलावयाचे कारण नाही. चारही कमी असतील तर मात्र हिशेब करावा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते व धुराच्या तपासणीत अशी गाडी टिकत नाही. तेव्हा इंजिनाचे काम काढायचेच असेल तर फिटनेसच्या तारखेआधी आणि हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी काढावे, आणि बदललेले जुने भाग मिस्त्रीकडून परत मागून घ्यावेत.