पायी पाहावे शहर

प्रस्तावना

एखादे शहर आपण कसे पाहतो? बसच्या खिडकीतून पाहिलेले शहर डोळ्यांपुढून सरकते आणि विसरले जाते. पायी पाहिलेले शहर मात्र मनात राहते, कारण चालणारा माणूस हवे तिथे थांबू शकतो, पाटी वाचू शकतो, झाडाखाली बसू शकतो आणि भेटेल त्याला प्रश्न विचारू शकतो. या फेरफटक्याला तिकीट फारसे लागत नाही. लागते ती सवड आणि जिज्ञासा.

प्रस्तुत पाठात आपण चेन्नई या ऐतिहासिक शहराची व तेथील सार्वजनिक उद्यानांची पायी ओळख करून घेणार आहोत. उद्यान म्हणजे केवळ शोभेची जागा नव्हे. ती सर्वांच्या मालकीची जमीन असते. अशी जमीन कशी निर्माण होते, कशी नाहीशी होते आणि कशी राखली जाते, हा या पाठाचा मुख्य विषय आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• चेन्नईतील काही सार्वजनिक उद्यानांचा इतिहास थोडक्यात सांगू शकाल;
• ऐतिहासिक नोंद आणि लोकपरंपरा यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• सार्वजनिक जागा टिकवण्यात नागरिकांचा वाटा कोणता, हे उदाहरणांसह मांडू शकाल;
• आपल्या गावातील एखाद्या सार्वजनिक जागेचे वर्णन लिहू शकाल.

मूळ पाठ

(१) गुम्मिडिपूंडीहून शहराकडे

नागपूर, बल्लारशा, विजयवाडा या मार्गाने चेन्नईकडे जाणारी गाडी तमिळनाडूत शिरली की लवकरच गुम्मिडिपूंडी हे स्थानक येते. आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळचे हे गाव आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. येथून चेन्नई शहर सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर आहे आणि उपनगरी गाड्या रोज हजारो कामकऱ्यांची ने-आण करतात. पोन्नेरी, मिंजूर, एण्णोर, तिरुवोट्रियूर अशी स्थानके मागे पडतात. शेते विरळ होत जातात, एण्णोरजवळ खाडीचे पाणी दिसते, मग कारखाने आणि दाट वस्ती सुरू होते. शहर एकाएकी येत नाही. ते हळूहळू जमिनीवर पसरत आलेले आहे, हे या प्रवासात ध्यानी येते.

गाडी जेथे थांबते त्या उपनगरी स्थानकाचे नाव ‘मूर मार्केट कॉम्प्लेक्स’. आपली पायपीट येथूनच सुरू होते आणि पहिला धडाही येथेच मिळतो.

(२) नाव उरले, बाग विरली

मूर मार्केट ही एके काळची प्रसिद्ध बाजारपेठ. १९०० साली ती सुरू झाली. जुन्या पुस्तकांपासून पाळीव पक्ष्यांपर्यंत असंख्य वस्तू तेथे मिळत. १९८५ मध्ये लागलेल्या आगीत ती इमारत भस्मसात झाली आणि त्या जागी रेल्वेचे उपनगरी स्थानक उभे राहिले. परंतु बाजारापूर्वी तेथे काय होते?

तेथे एक विशाल उद्यान होते. १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर झालेले चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या पुढाकाराने ‘पीपल्स पार्क’, म्हणजे लोकांचे उद्यान, आकाराला आले. त्याचा विस्तार सुमारे ११६ एकर होता. त्यात तळी होती, फिरण्याच्या वाटा होत्या आणि पुढे प्राणिसंग्रहालयही आले. दाटीवाटीने राहणाऱ्या नगरवासीयांना मोकळी हवा मिळावी, हा त्यामागील हेतू होता.

या उद्यानाची जमीन कोणी एका रात्रीत हिरावून घेतली नाही. ती तुकड्यातुकड्याने गेली. एका कोपऱ्यात १८८७-८८ च्या सुमारास व्हिक्टोरिया पब्लिक हॉल हे सभागृह उभे राहिले. मग मूर मार्केट आले. १९१३ मध्ये महापालिकेची रिपन बिल्डिंग ही शुभ्र, देखणी वास्तू पूर्ण झाली. नंतर क्रीडांगण झाले. प्राणिसंग्रहालय १९८५ मध्ये शहराबाहेर वंडलूर येथे गेले. यांतील प्रत्येक गोष्ट आपापल्या परीने उपयुक्तच होती. सभागृह नको, बाजार नको, क्रीडांगण नको, असे कोण म्हणेल? पण प्रत्येक वेळी ‘थोडीशीच जागा’ गेली आणि अखेरीस उद्यानच उरले नाही. रिपन बिल्डिंगच्या मागे ‘माय लेडीज गार्डन’ ही छोटी बाग तेवढी त्याची खूण म्हणून राहिली.

तरीही नावाने साक्ष सोडलेली नाही. या भागाला आजही ‘पार्क टाऊन’ म्हणतात. जवळच्या एका स्थानकाचे नाव ‘पार्क’ आहे. रोज या स्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना हे नाव कोणत्या बागेचे, हे ठाऊक असेल? शहर वाचायचे ते असे: पाटीवरच्या एका शब्दाला प्रश्न विचारून.

पाठाधारित प्रश्न १
(अ) ‘पीपल्स पार्क’चा विस्तार किती होता?
(आ) या उद्यानाची आठवण आज कोणत्या नावांत उरली आहे?

(३) नोंद आणि परंपरा

स्थानकापासून पूर्वेकडे चालत गेले की जॉर्ज टाऊनच्या अरुंद, गजबजलेल्या गल्ल्या लागतात. त्यांच्या दक्षिणेस सेंट जॉर्ज किल्ला आहे. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीला या किनाऱ्यावर जागा मिळाली, दुसऱ्या वर्षी किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि त्याच्याभोवती मद्रास शहर वाढले. १९९६ मध्ये त्याचे अधिकृत नाव चेन्नई झाले. आज किल्ल्यात तमिळनाडूची विधानसभा व सचिवालय आहे.

मराठी वाचकाला येथे थबकावेसे वाटेल, असे कारण आहे. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांना पत्र पाठवून जहरमोहरे व विषावर उतारा मानल्या जाणाऱ्या अन्य वस्तू मागवल्या होत्या. कंपनीच्या दप्तरात याची नोंद आहे. तंबू चेट्टी मार्गावरील कालिकांबाळ मंदिरात त्याच वर्षी महाराज दर्शनाला आले होते, असे स्थानिक परंपरा सांगते. पहिली गोष्ट दप्तराच्या आधारे सिद्ध होते. दुसरी लोकांच्या स्मरणाने जपलेली आहे. अभ्यासकाने दोहोंचा आदर करावा, परंतु दोहोंना एकाच मापाने मोजू नये.

याच परिसरात अर्मेनियन मार्गावर अठराव्या शतकातील अर्मेनियन चर्च आहे. दूरदेशाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते बांधले. जगातील पहिले अर्मेनियन नियतकालिक १७९४ साली याच मद्रास शहरात छापले गेले. बाहेर हातगाड्यांचा कलकलाट आणि आत झाडांच्या सावलीतले शांत अंगण! गर्दीच्या वस्तीत चार झाडांचे मोल किती, हे येथे शब्दांवाचून कळते.

(४) समुद्रकाठची लोकवाट

किल्ल्याच्या दक्षिणेला कूवम नदीचे मुख ओलांडले की मरीना किनारा सुरू होतो. हे उद्यान नाही. पण शहरातील सर्वांत मोठी मोकळी जागा हीच. एके काळी समुद्र रस्त्याच्या बराच जवळ होता. उत्तरेला बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, तेव्हा प्रवाहाबरोबर वाहत येणारी वाळू त्यांच्या दक्षिणेला अडून साचू लागली आणि किनारा रुंदावत गेला. १८८४ मध्ये गव्हर्नर ग्रँट डफ यांनी येथे सहलीचा रस्ता तयार करून घेतला आणि त्याला ‘मरीना’ हे नाव दिले. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे, साताऱ्यास राहिलेले जेम्स ग्रँट डफ यांचेच हे चिरंजीव.

या रस्त्यालगत देवीप्रसाद रायचौधुरी यांचे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे. एक अजस्र शिळा हलवण्यासाठी चार श्रमिक सर्व बळ एकवटून झटत आहेत, असे त्याचे दृश्य. राजे, गव्हर्नर आणि नेते यांच्या पुतळ्यांच्या शहरात नाव नसलेल्या कष्टकऱ्यांचे हे स्मारक पाहणाऱ्याला उभे करून ठेवते. सायंकाळी दिवसभराचे काम आटोपून कुटुंबे वाळूत येऊन बसतात. येथे कोणाचे उत्पन्न किती, हे कोणी विचारत नाही.

पाठाधारित प्रश्न २
(अ) मरीनाचा किनारा रुंद का होत गेला?
(आ) ‘श्रमाचा विजय’ या शिल्पात कोण दाखवले आहेत?

(५) बागेला भाषेचे नाव

पुढील फेरी दुसऱ्या दिवशी करावी, कारण एका दमात सारे शहर पाहण्याचा अट्टहास केला की काहीच पाहिले जात नाही. कॅथीड्रल रस्त्यावर ‘सेम्मोळि पूंगा’ हे सुमारे २० एकरांचे वनस्पती उद्यान आहे. ‘सेम्मोळि’ म्हणजे अभिजात भाषा आणि ‘पूंगा’ म्हणजे उद्यान. तमिळला २००४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या गौरवाची आठवण म्हणून नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या झालेल्या या बागेला हे नाव देण्यात आले. मराठीलाही ऑक्टोबर २०२४ मध्ये हा दर्जा लाभला आहे. भाषेचा सन्मान ग्रंथालयातच करावा असे नाही. तो झाडे लावूनही करता येतो, ही कल्पना आपणही मनावर घेण्याजोगी आहे.

या जागेचा इतिहासही बोलका आहे. बागेआधी तेथे एक सुप्रसिद्ध उपाहारगृह होते. लोक मोटारीत बसूनच खाद्यपदार्थ मागवत. म्हणजे पीपल्स पार्कच्या बाबतीत घडले त्याच्या उलट येथे घडले. तेथे बागेचा बाजार झाला, येथे व्यवसायाच्या जागी बाग आली. गेलेली मोकळी जागा परत मिळू शकते, याचे हे उदाहरण होय.

तेथून दक्षिणेस मैलापूर या प्राचीन वस्तीत गेल्यावर नागेश्वरराव उद्यान लागते. काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत ‘अमृतांजन’ या वेदनाशामक मलमाचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे तो मद्रासला आणला. वृत्तपत्रकार व देशभक्त म्हणूनही ते नावाजले. त्यांच्या नावाची ही बाग लहानशीच आहे. पण पहाटे चालणारे, सावलीत बसून वर्तमानपत्र वाचणारे आणि खेळणारी मुले यांनी ती सदैव जागती असते. जी बाग रोज वापरली जाते, तिला शेकडो राखणदार आपोआप लाभतात.

(६) चालणारा नागरिक

हीच गोष्ट आपल्या महाराष्ट्रातही दिसते. पीपल्स पार्कच्या समकालीन अशी मुंबईची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. २००७ च्या सुमारास तेथील प्राणिसंग्रहालयाच्या मोठ्या पुनर्रचनेचा आराखडा पुढे आला, तेव्हा जुन्या, दुर्मिळ वृक्षांचे काय होणार, असा प्रश्न काही जागरूक नागरिकांनी विचारला. ते बागेत फिरले, झाडे ओळखली, त्यांची माहिती गोळा केली आणि त्या आधारावर हरकत नोंदवली. केवळ हळहळ व्यक्त करून झाडे वाचत नाहीत. कोणते झाड कोठे आहे, हे ठाऊक असलेला माणूसच त्यासाठी बोलू शकतो.

आणि हे ठाऊक होण्याचा मार्ग एकच: त्या वाटेने चालणे. ज्या मैदानावर कोणी फिरकत नाही, ते ‘रिकामे’ ठरवणे सोपे जाते. जेथे सकाळ-संध्याकाळ पावले उमटतात, ती जागा रिकामी आहे, असे कोणालाही सहजी म्हणता येत नाही.

आशय समजून घेऊ या

या पाठात शहराच्या वर्णनातून नागरिकत्वाचा विचार मांडला आहे. पीपल्स पार्क हळूहळू नाहीसे झाले, सेम्मोळि पूंगा नव्याने मिळाले आणि राणीच्या बागेसाठी नागरिक उभे राहिले. या तीन उदाहरणांतून सार्वजनिक जागेचे भवितव्य तिच्या वापरावर आणि नागरिकांच्या जागरूकतेवरही अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

शब्दार्थ

अभिजात – श्रेष्ठ व प्राचीन परंपरा असलेली
जहरमोहरा – विषावर उतारा मानला जाणारा खडा
दप्तर – कार्यालयीन कागदपत्रांचा संग्रह
अजस्र – फार मोठी
समकालीन – एकाच काळातील
भस्मसात होणे – जळून राख होणे

भाषाभ्यास

‘उद्यान’ आणि ‘उपवन’ हे शब्द संस्कृतातून आले आहेत. ‘बाग’ हा शब्द फारसीतून आला आहे. ‘परसबाग’ म्हणजे घरामागील बाग, तर ‘मळा’ म्हणजे भाजीपाल्याची वा बागायती शेती. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: उद्यान, परसबाग, मळा, बागवान.

स्वाध्याय

१. पीपल्स पार्क ‘तुकड्यातुकड्याने गेले’, असे लेखात का म्हटले आहे? सहा ते आठ ओळींत लिहा.
२. शिवाजी महाराजांसंबंधीच्या दोन उल्लेखांच्या आधारे ‘नोंद’ आणि ‘परंपरा’ यांतील फरक स्पष्ट करा.
३. ‘जी बाग रोज वापरली जाते, तिला शेकडो राखणदार आपोआप लाभतात.’ या विधानाचा तुमच्या अनुभवाच्या आधारे विस्तार करा.
४. उपक्रम: तुमच्या गावातील बाग, मैदान, तळे किंवा पार यांपैकी एका जागी पायी जा. तिचे नाव कसे पडले, पूर्वी तेथे काय होते, हे वडीलधाऱ्यांना विचारा. तेथील पाच झाडांची नावे नोंदवा आणि पंधरा ओळींचे वर्णन लिहा. ऐकलेली माहिती आणि स्वतः पाहिलेली माहिती वेगवेगळी लिहा.

पाठाधारित प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सुमारे ११६ एकर. (आ) ‘पार्क टाऊन’ हा भाग आणि ‘पार्क’ हे स्थानक.
२. (अ) बंदराच्या भिंतींमुळे त्यांच्या दक्षिणेस वाळू साचत गेली, म्हणून. (आ) शिळा हलवण्यासाठी झटणारे चार श्रमिक.