पेशींची वीण आणि पेशींचा संवाद

भिंतीतील विटा चुन्याने अथवा सिमेंटने कायमच्या जखडलेल्या असतात. शरीरातील पेशी मात्र परस्परांशी जोडलेल्या असूनही गरजेनुसार सुटतात, सरकतात आणि पुन्हा जुळतात. ही किमया मुख्यतः पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ साली स्पंज हा सागरी प्राणी रेशमी कापडातून गाळला. विलग झालेल्या पेशी पुन्हा एकत्र आल्या व त्यांतून नवे स्पंज घडले. पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, याचा उलगडा होण्यास पुढे अनेक दशके लागली. जपानमधील मासातोशी ताकेइची यांनी कॅल्शियमच्या सान्निध्यातच पेशींना जोडणारी प्रथिने शोधली. १९८४ मध्ये त्यांना ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले.

कॅडहेरिनचे बाहेरील टोक शेजारच्या पेशीवरील सजातीय कॅडहेरिनला धरून ठेवते. आतील टोकास बीटा-कॅटेनिन हे प्रथिन जोडलेले असते. हे प्रथिन मोकळे राहिल्यास पेशी ते एरवी नष्ट करते. परंतु ते साचत गेले, तर पेशीकेंद्रकात शिरून वाढीस चालना देणारी जनुके जागी करते. पेशींची जोडणी आणि त्यांचे संदेशवहन यांचा संबंध असा निकटचा आहे.

हा दुवा निखळल्यास काय घडते, हे न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाने अनुभवले. त्यांच्यातील अनेकजण तरुणपणीच जठराच्या कर्करोगाने दगावत होते. कुटुंबीयांनी स्वतः पुढाकार घेऊन ओटागो विद्यापीठातील संशोधकांना सहकार्य केले. ई-कॅडहेरिनच्या जनुकातील आनुवंशिक दोष हे या रोगाचे मूळ असल्याचे १९९८ साली सिद्ध झाले. हा दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. या रोगात सुट्या पेशी जठराच्या अस्तराखाली विखुरतात. त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीतही तो सहज आढळत नाही. जनुकीय चाचणीमुळे दोष आधीच कळतो आणि वेळीच शस्त्रक्रियेने जठर काढून प्राण वाचविता येतात.

एकाच घरात तोच रोग वारंवार उद्भवत असेल, तर त्यास दैव वा शाप न मानता घराण्याचा आरोग्य-इतिहास वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावा, हाच या संशोधनाचा बोध होय.