मोबाईलमधल्या किल्ल्या : जतन केलेले पासवर्ड कसे सांभाळावेत?



सातबाऱ्यासाठी पूर्वी तलाठी कार्यालयात खेटे घालावे लागत. आता डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो. दाखल्याचा अर्ज ‘आपले सरकार’वर भरता येतो, ऊसबिलाची रक्कम जमा झाली की नाही ते बँकेच्या पानावर दिसते. सोय झाली खरी; पण दार तितकी कुलपे आणि कुलपे तितक्या किल्ल्या. ही किल्ली म्हणजे पासवर्ड. मोबाईल विचारतो, “पासवर्ड सेव्ह करायचा का?” आपण ‘हो’ म्हणतो आणि विसरून जातो. मग ऐन मुदतीच्या दिवशी पासवर्ड आपोआप भरला जात नाही आणि धावपळ उडते. पिंपळगाव रेणुकाई भागातील सभासदांकडून याविषयी वारंवार विचारणा होते, म्हणून हा पाठ देत आहोत.

किल्ली राहते कोठे?

संकेतस्थळे ज्यातून उघडतात त्या क्रोम, फायरफॉक्स वगैरे साधनांना ब्राउझर म्हणतात. पासवर्ड सेव्ह करताना ब्राउझर तीन गोष्टी एकत्र टिपून ठेवतो : संकेतस्थळाचा पत्ता, आपले वापरकर्ता नाव आणि पासवर्ड. पुन्हा ते पान उघडले की तो आधी पत्ता जुळवतो. पत्ता जुळला तरच किल्ली पुढे करतो.

हे आपल्याला नवीन नाही. ऊसतोडीच्या चिठ्ठीवर सभासदाचे नाव व गट नंबर असतो. नोंदीशी मेळ बसला तरच काट्यावर वजन त्या नावावर पडते. चिठ्ठी एकाची नि ऊस दुसऱ्याचा, असे चालत नाही. ब्राउझरचाही हिशेब तोच.

क्रोममध्ये गूगल खाते जोडलेले असेल तर हे पासवर्ड त्या खात्यातही ठेवता येतात. तसे ठेवलेले असले तर मोबाईल बदलला तरी त्याच जीमेलने नव्या मोबाईलवर ते परत मिळतात. म्हणून आपले जीमेल कोणते आणि त्याला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे, हे घरात माहीत पाहिजे. पुष्कळ घरांत ते जीमेल मोबाईल विकणाऱ्या दुकानदाराने काढून दिलेले असते आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. ही गोष्ट आधी सुधारावी.

पेटी उघडून पाहावी

मोबाईलवरील क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर दाबावे, ‘सेटिंग्ज’मध्ये जावे व ‘गूगल पासवर्ड मॅनेजर’ उघडावे. फायरफॉक्समध्ये मेनूतच ‘पासवर्ड’ असा भाग आहे. तेथे संकेतस्थळांची यादी दिसेल. एखाद्या नावावर दाबले की मोबाईलचे कुलूप उघडण्याचा पिन किंवा बोटाचा ठसा मागितला जातो. मग डोळ्याच्या चिन्हावर दाबले की पासवर्ड वाचता येतो. चुकीचा असेल तर तेथेच दुरुस्त करावा, नको असेल तर काढून टाकावा.

एक मात्र ध्यानात घ्यावे. येथे पासवर्ड बदलला म्हणजे संकेतस्थळावरचा बदलला असे नाही. घरातल्या जुडग्यात नवी किल्ली अडकवल्याने गोदामाचे कुलूप बदलत नाही. आधी संकेतस्थळावर बदलावा, मग येथे नोंद दुरुस्त करावी.

आपोआप भरत नसेल तर

क्रमाने पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) पत्ता नीट वाचावा. ही तपासणी सर्वांत महत्त्वाची. निरोपातून आलेल्या दुव्यावर दाबून पान उघडले, पान हुबेहूब नेहमीसारखे दिसते, पण पासवर्ड भरला जात नाही, असे झाले तर थांबावे. डोळा फसतो, ब्राउझर पत्त्यातले एक अक्षर चुकले तरी फसत नाही. शासकीय संकेतस्थळाच्या मुख्य पत्त्याचा शेवट सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. ही अक्षरे पत्त्याच्या मध्ये घालून शेवटी भलतेच नाव लावलेले असेल, तर तेथे हाताने पासवर्ड टाइप करू नये. मिरचीच्या बाजारात आपण व्यापारी कोण हे पाहिल्याशिवाय गाडी खाली करत नाही, तसंच हे. कधी कधी खरे संकेतस्थळही नव्या पत्त्यावर जाते. तशी खात्री दुसरीकडून झाली तरच नवी नोंद करावी.

२) जीमेल तेच आहे ना? एका मोबाईलवर मुलाचे व वडिलांचे अशी दोन खाती असतात. पासवर्ड एकात आणि ब्राउझर दुसऱ्यात, असा घोटाळा नेहमीचा.

३) खासगी खिडकी उघडी आहे का? ‘इनकॉग्निटो’ खिडकीत नवा पासवर्ड सेव्ह करण्याची विचारणा होत नाही.

४) पूर्वी ‘कधीही नको’ म्हटले होते का? एकदा तसे सांगितले की त्या संकेतस्थळासाठी ब्राउझर पुन्हा विचारत नाही. पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमध्ये नाकारलेल्या संकेतस्थळांची यादी असते, तिच्यातून ते नाव काढावे. पासवर्ड सेव्ह करण्याची सोय चालू आहे का, तेही तेथेच पाहावे.

५) एकाच जागेच्या दोन नोंदी आहेत का? जुनी नोंद पुढे येते आणि ‘पासवर्ड चुकीचा’ असे उत्तर मिळते. जुनी काढून टाकावी.

६) नावाच्या शेवटी मोकळी जागा पडली का? कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की पुढे एक रिकामी जागा येते, कधी पहिले इंग्रजी अक्षर मोठे होते. डोळ्यांना हे दिसत नाही, पण संकेतस्थळ अडून बसते.

७) पासवर्ड भरणारी दोन साधने भांडत आहेत का? काही मोबाईलमध्ये कंपनीचे वेगळे साधन असते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोफिल’ शोधावे आणि एकच साधन निवडावे.

८) ब्राउझर जुना आहे का? प्ले स्टोअरमधून तो अद्ययावत करून घ्यावा.

चित्रातील अक्षरे, जिल्ह्याची निवड आणि ओटीपी हे पासवर्डच्या पेटीत नसते. ते आपल्यालाच भरावे लागते. एवढ्यासाठी पासवर्ड बिघडला असे समजू नये.

दुसऱ्याच्या संगणकावर

सेवा केंद्रात किंवा ओळखीच्याच्या संगणकावर अर्ज भरताना ‘सेव्ह करायचा का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे. तेथे पासवर्ड राहिला तर त्या संगणकावर बसणाऱ्याला आपल्या नावाचे दार उघडे राहते. केंद्रचालक प्रामाणिक असला तरी संगणकावर दिवसभरात शंभर हात फिरतात. काम झाल्यावर खिडकी नुसती बंद करू नये; ‘लॉगआउट’ करावे, मग उठावे. पूर्वी कुठे पासवर्ड राहिला असेल असे वाटले तर घरी येऊन तो संकेतस्थळावर बदलावा. जुना तेथे पडून राहिला तरी मग निकामी होतो.

खाते उघडताना मोबाईल नंबर आपलाच द्यावा. पासवर्ड विसरल्यावर येणारा ओटीपी त्याच नंबरवर जातो. नंबर दुसऱ्याचा असला की खाते नावाला आपले आणि ताबा दुसऱ्याचा!

किल्ली कशी असावी?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संगणकावर १९६० च्या दशकात पासवर्ड वापरात आले. तेथेच १९६६ साली एका चुकीने सर्वांच्या पासवर्डची यादी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिसू लागली होती. म्हणजे किल्ली नेहमी आपल्याच हातून फुटते असे नाही. म्हणून सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नये. एक फुटला तर बाकीची दारे तरी शाबूत राहतात.

गट नंबर, मोबाईल नंबर, जन्मतारीख, मुलांची नावे हे गावात सर्वांना ठाऊक असते, ते वापरू नये. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड बरा. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ साली हेच सांगितले : लांबीला महत्त्व द्यावे, आणि फुटल्याची शंका नसेल तर ठरावीक मुदतीने उगाच बदलत बसू नये. पासवर्ड मॅनेजरमध्ये ‘तपासणी’ची सोय आहे. फुटलेले, कमजोर व पुन्हा पुन्हा वापरलेले पासवर्ड ती दाखवते.

सगळ्या किल्ल्या एका पेटीत ठेवल्या की पेटीचे कुलूप भक्कम हवे. मोबाईलला पिन असावा, तो १२३४ नसावा. जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये न ठेवलेला बरा. ज्यांना वहीत लिहायची सवय आहे त्यांनी लिहावे, पण वही कपाटात कुलूपबंद ठेवावी व घरातील एका विश्वासू माणसाला ठाऊक असावी. खातेदार अचानक आजारी पडला तर घरच्यांची अडचण होत नाही.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेले तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

सभासदांनी या आठवड्यात तीन कामे करावीत : जीमेलला जोडलेला नंबर तपासावा, पेटी उघडून जुन्या नोंदी काढाव्यात, आणि दुसऱ्याच्या संगणकावर वापरलेले पासवर्ड बदलावेत. घरात शिकलेली मुलगी-मुलगा असेल तर शेजारी बसवावे, पण मोबाईल आपल्या हातात ठेवून स्वतः करावे. एकदा हाताने केले की पुढच्या वेळी कोणाला विचारावे लागत नाही.