धानाचं घान होऊ देऊ नको

भाच्या, कोहमाऱ्याच्या चौकात फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान टाकतो आहेस, चांगलं आहे. मशीन कोणतं घ्यावं, स्क्वेअर फुटाला भाव काय लावावा, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस, मला अक्षरांचं विचार.

पाटी कॉम्प्युटरवर पाहून पास करू नको. कॉम्प्युटर तुझ्या नाकापासून दोन फुटांवर आहे. पाटी वाचणारा साकोलीकडून देवरीकडे ट्रक हाकत असतो. ताशी ८० च्या वेगानं तो सेकंदाला २२ मीटर कापतो. तीन सेकंदांत पाटी वाचून ब्रेक मारायचा तर अक्षर त्याला दोनशे फुटांवरून लागलं पाहिजे. पाटी रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब दहा फुटांना एक इंच अक्षर असा आहे. म्हणजे हायवेवरच्या ढाब्याचा मुख्य शब्द वीस इंचांचा हवा. मालक म्हणेल, त्यातच मेनू, मोबाइल नंबर, देवाचा फोटो आणि मुलाचा फोटोही बसव. त्याला चौकापलीकडे नेऊन उभं कर, आपोआप दोन गोष्टी कमी करील. गावातल्या किराणा दुकानाला एवढं लागत नाही, तिथं लोक पायी येतात.

आता खरी गोम. आपला जिल्हा धानाचा, त्यामुळे ‘धान खरेदी केंद्र’ तुला दर हंगामात छापावं लागणार. ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते, तेवढीच त्याची ओळख. गिऱ्हाइकाला अक्षर जाड हवं म्हणून तू कोरेलमध्ये आउटलाइन चढवलीस की ती फट बुजते आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. आपल्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, तेव्हा धानाचं घान झालेलं लोक काय वाचतील ते तूच समज! ‘भ’चा ‘म’ आणि ‘थ’चा ‘य’ याच वाटेनं होतो. ‘ब’ आणि ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की ‘व’ आणि ‘प’ उरतात. म्हणून आउटलाइन चढवू नकोस, त्याच फाँटचं जाड वजन घे. एक टाइपचा ‘मुक्ता’ फुकट मिळतो, त्यात अगदी बारीकपासून चांगल्या जाडपर्यंत सात वजनं आहेत. जाड करतानाही आतली पांढरी जागा कशी राखायची, ते ज्यानं अक्षर काढलं त्यानं आधीच पाहिलेलं असतं.

अक्षर आडवं ताणूही नको. ताणलं की उभे दांडे फुगतात, आडव्या रेघा तेवढ्याच राहतात. दोन अक्षरांमधली जागा वाढवलीस तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंग्रजीत ते खपतं, आपल्यात नाही.

कॉम्प्युटरवर फाँट शेकड्यांनी असतील. मी त्यांच्या तीनच जाती धरतो. बोरूच्या वळणाचे जाड-बारीक, १८६९ साली जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या पोथ्या-पुस्तकांत दिसतात तसे: हे कागदावर, जवळून वाचायला. एकसारख्या जाडीचे: पाटीला. आणि नखरेल. मंडई-जत्रेच्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं येतील, तेव्हा नाटकाच्या नावाला हवा तेवढा नखरा कर. स्थळ, तारीख, वेळ मात्र साध्या अक्षरात. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला माणूस वीस किलोमीटरवरून येतो, त्याला गाव कोणतं ते कळलं पाहिजे.

दुकानाच्या पाट्यांचं वेगळं आहे. दुकान कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं छोट्या दुकानांनाही देवनागरीत मराठी नाव सक्तीचं झालं. ते आधी यावं आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावं. तू दोन्हींना ७२ पॉइंट देशील आणि तरी मराठी लहानच दिसेल. काहून? आपल्या ७२ त वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार असं सगळंच मावायचं असतं. पॉइंटाचा आकडा सोड, पट्टी लाव. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं माप आणि इंग्रजी कॅपिटलची उंची सारखी आली पाहिजे. कागदावरही तेच. इंग्रजी १० असेल तिथं मराठी १२ घे, आणि ओळींत जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो. आम्ही ओळींमध्ये शिशाची पट्टी घालायचो, तुला नुसता आकडा बदलायचा आहे, तिथं कंजुषी करू नको.

लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये येतो आणि तुझे जुने फाँट वेगळ्या कोडचे. फाइल बदलली की पहिल्यांदा ‘वऱ्हाडी’ शोध. हिंदी बोलणारं बालाघाट शेजारी, त्यामुळे आपल्याकडे हिंदीसाठी बनवलेले फाँट सर्रास चालतात, आणि त्यांत कित्येकदा ‘वर्‌हाडी’ तरी उरतो नाहीतर ‘र’ उडी मारून ‘हा’च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. मग ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’, ‘कृपा’ बघ. ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत का तेही बघ. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही तीच रूपं दिली आहेत. काही युनिकोड फाँटांत दोन्ही रूपं असतात, भाषा ‘मराठी’ निवडली की आपली येतात.

अनुस्वाराला जप. आमच्या वेळी खिळ्याबाहेर डोकावणारे रफार आणि वेलांट्या दाबाखाली आधी तुटायच्या, म्हणून प्रूफ आलं की नजर पहिल्यांदा शिरोरेषेच्या वर जायची. आता तुटत काही नाही, पण पिवळ्यावर लाल आणि त्याला काळी सावली दिलीस की टिंब सावलीत जातं. प्रूफ कागदावर काढ, नावं खालून वर वाच, म्हणजे डोळा सवयीनं पुढं पळत नाही. मग वरबापाला एक-एक नाव मोठ्यानं वाचायला लाव, मागच्या बाजूला तारखेसह सही घे, आणि ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नको.