मदत वस्तूंची की पैशांची?



ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर राज्यभरातून सांगलीला ट्रक आले. बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, आणि कपडे तर ढिगाने. आम्हीही वाटपाला उभे होतो. एका भगिनीने तिसरी साडी परत केली. म्हणाली, "साड्या झाल्या हो, शेगडी गाळात गेलीय, तिचं काय करू?" आमच्याकडे शेगडी नव्हती. ती कोणी पाठवलीच नव्हती.

शासनाने त्या वेळी पूरग्रस्त कुटुंबाला शहरात १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले. रक्कम बँकेत जमा व्हायची होती. पण ज्याचे पासबुकच भिजून गेले त्याने काय करावे? तक्रारी झाल्यावर त्यातले ५,००० रुपये रोख देण्याचे ठरले. त्या पैशांतून कोणी शेगडी घेतली, कोणी वह्यापुस्तके, कोणी गवंड्याला आगाऊ दिले. घरात काय हवे ते घरातल्या बाईला ठाऊक असते.

"रोख दिले की दारूत जातात," असे आपल्या बैठकीतही कोणीतरी म्हणतेच. तसे एखादे घर आपण पाहिलेलेही असते. परंतु २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातील काही गावांत 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने प्रयोग केला. प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये व मुलामागे १०० रुपये (पुढे ३०० व १५०) कोणत्याही अटीविना दिले. दारूवरचा खर्च वाढला नाही. मुलांची वजने सुधारली, कर्जे घटली, आणि काहीजण दुसऱ्याची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात राबू लागले.

जुलै २०२४ पासून आपल्या राज्यात लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या पात्र स्त्रीला महिना १,५०० रुपये, तिच्या स्वतःच्या आधार जोडलेल्या खात्यात. हळदीच्या कामाला जाणाऱ्या बाईची ही पाच-सहा दिवसांची मजुरी. एवढ्याने गरिबी हटत नाही, आणि शाळा-दवाखानेही सुधारत नाहीत. त्यांची मागणी आपण सोडता कामा नये. पण किराणा दुकानाची उधारी थोडी फिटते, गटाचा हप्ता चुकत नाही. पोराला ताप आला तर नवऱ्याच्या पगाराची वाट न पाहता डॉक्टरकडे जाता येते. स्वतःच्या नावाचे पासबुक पहिल्यांदाच हाती आलेल्या भगिनी आपल्याही ओळखीच्या आहेत.

मात्र हप्ता लांबला की उधारीचे पान पुन्हा भरते. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवादाच्या २४व्या अध्यायात सांगितले आहे ते याचसाठी. गरिबाचा जीव त्या पैशात अडकलेला असतो.

आता आपल्या चर्चचे. मदतपेटीतून यंदा धान्याच्या पिशव्या द्यायच्या की पैशांचे पाकीट, हे पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ठरवायचे आहे. ज्यांच्या घरी पिशवी जाते, त्यांना आपण आजवर कधी बैठकीला बोलावलेले नाही. या वेळी बोलावू या.