मुक्या घोड्याची जबाबदारी कोणाची?

आपल्या रिचमंड हिलपासून गाडीने जाण्याजोगे टोरांटोचे वुडबाइन रेसकोर्स आहे. तेथे दरवर्षी होणारी किंग्ज प्लेट ही शर्यत १८६० साली सुरू झाली. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ चे, म्हणजे ही शर्यत त्याहूनही जुनी!

या शर्यतीत घोड्याच्या पाठीवर १२६ पौंड, तर घोडीच्या पाठीवर १२१ पौंड वजन असते. जॉकी हलका असला तर खोगिरात शिसे घालून वजन भरतात. शर्यतीनंतर घोड्यांची औषधासाठी तपासणीही होते. दुखणे दाबून घोडा पळवला तर त्याचा पाय मोडू शकतो.

पण औषध सापडले तर दोष कोणाचा? घोडा स्वतः औषध घेत नाही. म्हणून जाब ट्रेनरला विचारतात, मग ते मोतद्दाराने का दिलेले असेना.

अमेरिकेतील २०२१ च्या केंटकी डर्बीत मेडिना स्पिरिट पहिला आला. शर्यतीच्या दिवशी चालत नाही असे औषध त्याच्या रक्तात सापडले. ते मलमातून गेले, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. तरी २०२२ साली त्याचा पहिला क्रमांक काढून मँडलूनला दिला आणि ट्रेनरला शिक्षा झाली.

आम्हांला वाटते, ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने उत्तर देणे, हीच खरी जबाबदारी.

शब्दार्थ : मोतद्दार – घोड्याची निगा राखणारा. जाब विचारणे – केलेल्या गोष्टीचे उत्तर मागणे.

आईबाबांशी बोला : मेडिना स्पिरिटचा काही दोष नव्हता. मग त्याचा क्रमांक काढणे योग्य होते का? मँडलूनच्या बाजूनेही विचार करा.